बहुवर्षायू

सव्वीस वर्षं मी पिसुर्लेत
खाणीच्या काट्यावर ट्रक मोजले.
येताना रिकामा, जाताना भरलेला,
मधला फरक चलनावर.
आता काट्याच्या फटीत गवत उगवलंय
आणि मी चिमटीत बी धरून
चष्मा शोधतोय.

झालं काय, की पलीकडच्या मळ्यात
आनशी माजीक पहाटे साडेपाचला
भोपळ्याचं नर फूल मोडायची,
पाकळ्या सोलून मादीच्या तोंडाशी टेकवायची.
"हें काम मुशीचें," म्हणायची, "पूण मूस खंय आसा?"
चौतीस फुलं, एकेक करून,
मग कमरेवर हात.
मी कुंपणाशी चहा घेऊन उभा.
लाज वाटली. कसली, ते कप रिकामा होईतो कळलं नाही:
माशा ज्या डोंगरावर राहायच्या
तो मीच पाठवला होता,
दहा-दहा टनांनी, सही करून.

नर्सरीतला पोरगा म्हणाला,
अबोली ना? फांदी खोचा काका, बीबी कोण लावतं!
त्याच्याकडची लालभडक, तिला बीच धरत नाही.
पण फांदी म्हणजे तेच झाड पुन्हा.
बी म्हणजे
कोण येणार ते आधी सांगता येत नाही.

साखळीच्या बाजारात वळेसर विकणारीकडून
वाळकी कणसं मागून आणली.
ती हसली, पैसे घेतले नाहीत.
बरणीत ठेवून पाण्याचा हबका मारला.
काही नाही.
काही नाही.
मग टच्.
मग काचेवर टच् टच् टच्,
एक बी उडून थेट माझ्या शर्टाच्या खिशात.
अबोली म्हणतात हिला!
ओली झाली की असं बोलते.

पहिली पेर मुंग्यांनी नेली.
दुसरीतून अकरा आली, चार गोगलगाईंना गेली.
काटेकोरांटी कोणाला न विचारता उगवली,
रानतुळस तर पायरीच्या खाचेतसुद्धा.
आणि वर्षभर नुसती पानं.
ललना म्हणाली, पानं बघायला एवढी उठाबस?
शेतकी खात्याच्या कागदावर छापलं होतं
'बहुवर्षायू'.
छातीत दोन स्टेंट घेऊन बसलेल्या माणसाला
हा शब्द मोठ्याने वाचताना गंमत वाटते.
थोडा हेवाही.

दुसऱ्या वर्षी, दसरा उलटल्यावर
कोरांटी पिवळी झाली.
आधी एक काळा भुंगा, धसमुसळा,
फांदी वाकवून गेला.
मग निळ्या पट्ट्यांची एक,
जिचं नाव मला अजून मिळालेलं नाही.
मग अबोलीवर फुलपाखरं, तीही बिचकत.
हिची वाट बघत होतो ती मात्र मार्गशीर्षात आली,
सातेरी.
देवळात आम्ही वारुळाला सातेरी म्हणून हळद-कुंकू वाहतो,
आणि ही बोटाच्या पेराएवढीही नाही, तीही सातेरी.
कोणी कोणाचं नाव घेतलं,
भटजींना विचारलं. ते म्हणाले, चहा घ्या.

तुळशीवरून उठली, कुंपण ओलांडलं,
आनशीच्या भोपळ्यात शिरली.
मी श्वास धरून बसलो,
डॉक्टरांनी नको म्हटलंय तसा.
बाहेर आली तेव्हा अंगभर पिवळी धूळ,
मागच्या पायांना दोन गाठोडी,
उडताना जरा खाली गेली
आणि सावरली.

आनशी अजूनही साडेपाचला उठते.
फुलं मोडत नाही, नुसती बांधावर बसते,
सवयच ती, म्हणते.

माळ्यावरून मी चलनाचं जुनं पुस्तक काढलं,
कार्बन कागद सुकून गेलेला.
पेन्सिलीने लिहिलं:
येताना रिकामी. जाताना भरलेली.
मालाचा प्रकार, पिवळा.
वजनाच्या रकान्यात बराच वेळ
पेन्सिल टेकवून ठेवली,
तेवढ्यात दुसरी आली.