कोरी ओळ

बोरमाळ, तालुका जत.
सभा मारुतीच्या देवळात,
कारण पंचायतीच्या हॉलमध्ये सिमेंटची पोती.
वेळ अकराची. कोरम भरला पाऊणला,
तोही मोटारसायकली पाठवून.

विषय क्रमांक सात:
गायरान, एकशे चाळीस एकर,
सौर प्रकल्पास देण्यास ना-हरकत.
मुदत नव्व्याण्णव वर्षे.

मी ग्रामसेविका. माझं काम लिहिण्याचं.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
लिहिता लिहिता उगाच बेरीज केली:
सभेतली सगळ्यात लहान मतदार अश्लेषा बंडगर, एकोणीस,
तेव्हा एकशे अठराची.
दीपमाळेच्या कट्ट्यावर पाय हलवत बसलेलं टोण्यांचं पोर
एकशे पाचचं.
कंपनीचा माणूस बूट काढून, मोजे सावरत उभा.
त्याला मी मोजलंच नाही.

बिरा लवटे उठले. सत्तर मेंढरं,
सभेत आजवर एक शब्द नाही.
"शंभराव्या साली किल्ली कुणाकडं द्यायची,
त्येचं नाव लिवा की, बाई."

हसले सगळे. सरपंच म्हणाले,
"मामा, तवर कुठं तुम्ही, कुठं आम्ही!"
"म्हणूनच इचारतोय.
आमच्या बापांनी कुणाला दिला न्हाय माळ,
म्हणून तर तुमास्नी द्याया गावला."

चहा आला.

खोटं कशाला सांगू,
टँकर तिसऱ्या दिवशी येतो इथं,
शाळेतल्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत
कारण संडासाला दार नाही.
भाड्याच्या पैशात दार होतं, टाकी होती.
मला मत असतं
तर माझाही हात वर गेला असता.

हात वर झाले. मी मोजले, लिहिले.
बिरामामांचं वाक्य नमुन्यात कुठंच बसेना.
अनुमोदकाच्या नावाखाली
एक ओळ सोडली तेवढी.

मार्चात ऑडिट.
साहेबांचं लाल पेन पानापानावरून खाली येत
त्या ओळीवर टेकलं.
"कोरी जागा ठेवायची नसते, मॅडम.
मागाहून कुणीतरी येतं
आणि आपलं काहीतरी लिहून जातं.
रेघ मारा."

नियम बरोबर आहे. प्रशिक्षणात शिकवलेला.

मी पट्टी शोधायला लागले.
ड्रॉवर उघडला, फायली हलवल्या,
शिपायाला हाक मारली.
साहेबांनी घड्याळ बघितलं.

पट्टी हातातच होती.