अनुभव : किमान तीन वर्षे

दौलतगंजात जिन्याखाली माझं दुकान.
एक संगणक, एक स्कॅनर,
आणि पाटी : टेंडर ऑनलाइन भरून मिळेल.
पोर्टल सहाला बंद होणार होतं.
चौघं आले तेव्हा चाळीस मिनिटं उरलेली.

चौघेही कंपूतले. पणजोबा पलटणीत होते म्हणे,
पण ते पत्र हल्ली कुणी मागत नाही.
फर्म आठ महिन्यांची.
पॅनकार्ड अजून पाकिटात, चुरगळू नये म्हणून.
काम : सरकारी दवाखाना, चार फाटकं, छत्तीस पहारेकरी.

मी अट वाचली.
मागच्या सात वर्षांत, शासकीय कार्यालयात,
याच स्वरूपाच्या कामाचा
किमान तीन वर्षांचा अनुभव.

"तीनच?" इंगळे हसले.
"माझा एकोणीस आहे. त्याच दवाखान्याचा.
या धाडग्याचा चौदा. लिही, पोरी."

काका, माणसाचा नाही चालत. फर्मचा लागतो.

स्कॅनर उगाच गुरगुरत राहिला.
मग धाडगे म्हणाले, इतकं हळू
की मला वाटलं स्वतःशीच :
"मग आमची वर्षं गेली कुठं?"

मला ठाऊक होतं कुठं गेली.
मागच्या आठवड्यात मीच स्कॅन केली होती ती,
जुन्या कंपनीच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्याखाली.
सेवा समाधानकारक.

त्या 'समाधानकारक'मध्ये आहे
जानेवारीचं ते धुकं, ज्यात फाटक दिसायचं नाही,
हात लावून बघावं लागायचं, आहे ना जागेवर.
आहे सायकलवरून सिलिंडर पळवणारा,
आणि त्याच्यामागे अनवाणी धावलेले इंगळे,
एक बूट अजून मिळायचाय.
आहे पहाटे तीनला रिक्षातच अडलेली बाई,
आणि तिच्याभोवती चादर धरून
भिंतीकडे तोंड करून उभे चार पहारेकरी.
मालक त्या फाटकाशी एकदा आले होते.
फोटोपुरते.

नव्या फर्मला सूट असते, मी म्हटलं,
पण कलम अकरात लिहिलंय : लागू नाही.
चौकट पूर्ण वर्षंच घेते.
आठ महिने टाकले की लाल होते.

"शून्य घेते?"
घेते.
"मग टाक."

काका, पहिल्याच छाननीत बाद होईल.
बयाण्याचे पैसे अडकतील वेगळेच.
"अडकू दे. कुणीतरी उघडून वाचेल ना,
की आम्ही भरलं होतं."

टाकलं. शून्य हिरवं झालं.
पाच सत्तावन्नला पावती निघाली, फिकट,
शाई संपत आलेली.
इंगळ्यांनी ती चौपदरी घडी करून टोपीत ठेवली,
विसाची नोट माऊसखाली सरकवली,
मफलर कानांवरून घट्ट केला.
सातची ड्यूटी होती,
त्याच फाटकावर, त्याच जुन्या कंपनीची.

बाहेर बाड्यापर्यंत धुकं उतरलेलं.
तिघं डावीकडे वळले.