नाइट बेल

भोसरीच्या लॅबमध्ये टेबलावर पडलेलं आमचं बोर्ड,
काडेपेटीहून थोडं मोठं.
पाणीमीटरांचे आकडे गोळा करून पुढं धाडायचे,
एवढंच त्याला काम.
सेकंदाला आठशे पॅकेट्सपर्यंत शहाणं.
तीस हजारांवर नेलं की कन्सोल गोठायचा,
टाइप केलेलं अक्षर उमटायचं नाही,
आणि सोळाव्या सेकंदाला वॉचडॉग
मानगूट धरून त्याला पुन्हा उभं करायचा.

बिघडलं काहीच नव्हतं.
प्रत्येक पॅकेट दारावर थाप मारत होतं
आणि प्रोसेसर हातातलं टाकून उठत होता.
कडी काढ, कोण आहे बघ, कडी लाव,
बसतो न बसतो तोच पुन्हा थाप.
आलेल्याला पाणी विचारायलाही सवड नाही.
तन्वीर इनामदार म्हणाला,
नुसता उठतोय-बसतोय हा. काम कुठं करतोय?

बुधवारी बस कासारवाडीला अडकली.
साडेनऊला घरी. मालनआत्यानं खिचडी पुन्हा गरम केली.
एकतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला काढलेली बाई.
मी सांगत गेले, तिला कळावं म्हणून नव्हे,
बोलल्याशिवाय घास उतरत नव्हता म्हणून.
ती म्हणाली, मग बेल बंद कर की.

दिवसा आम्ही बेल बंदच ठेवायचो.
बोर्डभर दिवे लागलेले दिसतायत, वाजवायचं कशाला?
डावीकडून सुरू करायचं, एका फेरीत वीस.
मग पाण्याचा घोट, मग सुपरवायझरची बोलणी,
मग पुन्हा डावीकडून.
रात्री दोननंतर बोर्ड काळं झालं
की बेल चालू, आणि खुर्चीतच डुलकी.

गुरुवारी मी तेच लिहिलं.
पहिल्या थापेला ऊठ. मग थाप ऐकूच नकोस.
रांगेतून चौसष्ट घे, बाकीच्यांना वेळ दे, पुन्हा चौसष्ट.
रांग संपली की बेल लाव.
तीस हजार इंटरप्ट्स चारशेवर आले.
कन्सोलवर अक्षर उमटलं, माझंच, चुकीच्या स्पेलिंगसकट.
तन्वीरनं क्रीमरोल आणले.

शनिवारी पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी,
रहदारी नव्हतीच, एक पॅकेट आलं,
रांगेत बसलं,
आणि त्याच्याकडे कुणी गेलंच नाही.
दुसरं येईपर्यंत सतरा सेकंद.
लॉगमध्ये नुसती मोकळी जागा.

आत्या ओटा पुसत होती. ऐकून हात थांबला.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
शेवटचा कॉल जोडला, बोर्ड काळं बघितलं,
खटक्याकडे हात नेला,
तेवढ्यात श्रीगोंद्याचा दिवा लागला असणार.
बघणं संपलेलं, बेल अजून लागायची होती,
त्या मधल्या वीतभर वेळात.
बेल नव्या दिव्यालाच वाजते गं. आधीच लागलेल्याला नाही.

अकरा मिनिटं.
डॉक्टरचा नंबर मागत होता माणूस.
दिला जोडून.

पुढं?

पुढचं एक्स्चेंजला कधी कळत नाही.
फडकं तिनं पिळून पुन्हा पिळलं.
तेव्हापासून आधी बेल लावायची
आणि मग मान वर करून बोर्ड परत बघायचं.

सोमवारी दोन ओळी वाढल्या.
त्यांच्या डोक्यावर मी मराठीत लिहिलं,
बेल लावल्यावर पुन्हा एकदा बघा.
तन्वीरनं विचारलं, हे मराठीत का?
म्हटलं, असू दे.
खळदकर सरांना आलेख आवडला.

रात्री आत्या गॅस बंद करते,
दिवा मालवते, खोलीच्या दारापर्यंत जाते,
आणि परत येऊन अंधारातच
रेग्युलेटरला हात लावून बघते.
इतकी वर्षं मी त्याला
म्हातारपण म्हणत आले.