बेला

दालकावेत वीज गेली तेव्हा एउदोसियाबाईंनी
फडताळातून काढली ती बेला.
मेणबत्ती, मी वहीत लिहिलं.

सकाळी धक्क्यावर त्यांचा धाकटा, रेमीखियो,
म्हणाला, बेला फाटलीय माझी.
दुकानात डझनाने मिळतात की, म्हटलं.
हसता हसता सुई रुतली त्याच्या अंगठ्यात.
मांडीवर शीड, हे एवढं.

मग मे महिन्यात तो परतलाच नाही
दोन दिवस. बाई खिडकीशी.
झोपा ना आता, म्हटलं.
"एन बेला," त्या म्हणाल्या.

एन म्हणजे आत, एवढं येत होतं मला.
त्या शब्दाच्या आत बसल्या होत्या
पायांवर घोंगडी घेऊन.

मेण बशीत उतरलं. बाहेर पाणी
दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.
मी फडताळ उघडलं,
दुसरी शोधू लागलो.