बर्फाची शक्यता

मे महिन्यातच नोरीनबाई पत्रक छापून आणतात:
'ब्लू माउंटन्समध्ये जुलैतला नाताळ.
शेकोटी, टर्की, पुडिंग. दोन रात्री, तीन दिवस.
बर्फाची शक्यता.'
शक्यता हा शब्द बारीक टाइपात,
मुंगीने उचलून न्यावा इतका.

बाजारात तुरी, असं कुणी म्हटलं
तर नोरीनबाई चष्म्यावरून बघतात.
अठरा खोल्या, गळकं छप्पर, आणि डिसेंबर,
ज्यात इकडे कुत्रं फिरकत नाही.
खरा नाताळ इथे चाळीस अंशांत येतो:
थंड हॅम, कोळंबी, माशा,
दरीपलीकडे कुठेतरी जंगल पेटलेलं,
आणि पाहुणे खोली रद्द करायला फोन करतात
फार गोड आवाजात.

म्हणून हा दुसरा,
पंचांगाला न विचारता घातलेला अधिक महिना.

सिडनीहून बस येते. उतरतात
दुखरे गुडघे, लोकरीच्या टोप्या,
एक म्हातारा तर हातमोजे न काढताच नोटा मोजतो.
सगळ्यांना थंडी हवी असते,
विकत घेतलेली, म्हणून जरा जास्तच.
'काय छान गारठा आहे,' म्हणतात
आणि हीटर वाढवायला सांगतात.

मी भांडी घासते. अठ्ठेचाळीस ताटं,
बटाट्याची सालं, क्रॅनबेरीचे न निघणारे डाग.
माळ्यावरची खोकीही मीच उतरवते:
चंदेरी झिरमिळ्या, कापसाचे पुंजके,
आणि एक देवदूत, ज्याचा पंख
उंदरांनी कुरतडलाय.
त्याला भिंतीला पाठ लावून बसवायचं,
हे मला आता सांगावं लागत नाही.

सांताक्लॉज म्हणजे लास्लो वादास.
रेल्वेतून निवृत्त. पोट स्वतःचं, दाढी भाड्याची.
सात वर्षांचा असताना हंगेरीतून निघाला,
रात्रीचा, सरहद्दीपर्यंत पायी,
बापाच्या बुटांच्या ठशांत पाय टाकत.
हे त्याने एकदाच सांगितलं, कांदे चिरताना,
आणि मग कांदा किती झोंबतो
यावरच बोलत राहिला.

शनिवारी रात्री पुडिंगवर ब्रँडी पेटवली,
दिवे मालवले,
आणि समोरच्या अंगणात नोरीनबाईंच्या भाच्याने
फेसाचं यंत्र सुरू केलं.
साबणाचा बर्फ. काचांना नाकं लावून
अठ्ठेचाळीस माणसं पोरांसारखी ओरडली.
निलगिरीवर झोपलेला काकाकुवा
शिव्या घालत उडाला.

मी कचरा टाकायला मागे गेले.
तिथे लास्लो, लाल झग्यात,
दाढी हनुवटीखाली ओढलेली,
सिगारेट ओठांत, न पेटवलेली.
'दार लाव,' म्हणाला. 'उजेड नको.'
अंधारात काहीतरी खाली येत होतं, बिनआवाजी.
मला वाटलं, फेसच उडून आला असेल.
पण वारा उलट दिशेचा होता.
कचऱ्याच्या झाकणांवर, रिकाम्या बाटल्यांवर,
त्याच्या बाहीवर:
एक, मग एक, मग मोजता येईनात.
फार तर चार मिनिटं.

'आत सांगू?' मी विचारलं.
त्याने बाही नाकाशी नेली, हुंगली,
जुन्या ट्रंकेतलं कापड हुंगावं तशी.
'त्यांचा पडतोय की,' म्हणाला.

आतून घंटा वाजली, नोरीनबाईंची हाक आली.
दाढी वर गेली, पोट पुढे झालं,
आणि हो हो करत जो आत शिरला
त्याच्या खांद्यांवर थोडं पांढरं होतं.
पहिल्या टेबलावरच्या बाईने ते बोटाने टिपलं,
चोळून पाहिलं, नवऱ्याला म्हणाली,
'यंत्र चांगलं घेतलंय हं.
गारसुद्धा लागतं.'