टाचणीचं डोकं

नारिनला नळ गोठायच्या आत
लोकर धुऊन घ्यावी लागते,
म्हणून ऑक्टोबरात बुरुल नदीवर.
उजव्या हाताची अनामिका तेवढी
पाण्याबाहेर ताठ धरून,
जणू ते बोट पाहुणं आलंय
आणि त्याला कामाला लावायचं नाही.

नऊ वर्षं.

पहिल्या वर्षी मी विचारलं, सुई टोचली का?
दुसऱ्या वर्षी विचारणं सोडलं.
नखाच्या मुळाशी निळसर डाग होता एक,
दिव्याखाली धरला तर दिसे,
नाही तर नाही.
रात्री गोधडीची शिवण घासली तरी
ती उठून बसायची, मनगट आवळून,
आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचो,
राईचा पर्वत करू नकोस.

एकाने मलम दिलं.
एकाने हाडाचा फोटो काढला, हाड चांगलं निघालं.
एकाने माझ्याकडे बघत, तिच्याकडे नाही,
झोपेच्या गोळ्या लिहिल्या.
माझ्या आईने आर्चाच्या फांदीचा धूर दिला बोटाला.
बोट काळं झालं, दुखणं होतं तसंच.

मग बिश्केकच्या चोलपोन सापारोव्ना.
त्यांनी टाचणी घेतली, टोकाकडून नाही, डोक्याकडून,
आणि नखावर टेकवत गेल्या.
इथे? नाही.
इथे? नाही.
इथे—
बुरुलने टेबलाला लाथ घातली.
डॉक्टर हसल्या. हरवलेलं सापडल्यावर हसतात तसं.

मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळून फुगवला.
हात पांढराफटक.
पुन्हा तीच जागा, तीच टाचणी.
काहीच नाही.
नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोचा चेहरा
सैल पडलेला पाहिला मी
आणि क्षणभर ओळखलाच नाही.
हवा सोडली.
दुखणं परत आलं,
किल्ली असलेल्या माणसासारखं, न ठोठावता.

रक्तवाहिन्यांची गाठ आहे, म्हणाल्या,
थंडी-ऊब ओळखणाऱ्या पेशींची. कॅन्सर नाही.
नख उचलायचं, गाठ काढायची,
नख परत झाकण ठेवावं तसं ठेवून शिवायचं.
मी बाहेर बाकावर टोपी फिरवत बसलो.
रेडिओवर कुणीतरी घोड्यांचे भाव सांगत होतं.

बाटलीत दाखवली मला.
गुलाबी. मोहरीएवढी.
माझी म्हण मला आठवली.
बुरुललाही आठवली असणार,
ती पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत राहिली.

नवं नख यायला पाच महिने लागले,
मधोमध एक उभी कडा घेऊन आलं.
परवा नदीवर तिने हात घातला,
पाचही बोटं,
आणि सवयीने दुसऱ्या हाताने मनगट आवळून
वाट पाहत बसली.
पाणी थंड होतं.
नुसतं थंड.

बघ, म्हणाली,
आणि ओली लोकर माझ्या हातात दिली पिळायला.
माझी बोटं बधिर झाली.
मी काही बोललो नाही.