शेऱ्याचा रकाना

मंडळीचं रजिस्टर माझ्याकडे असतं,
लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात.
सभासद चारशे बारा. दृढीकरण झालेले दोनशे नव्वद.
वर्गणी थकलेले... ते जाऊ द्या, त्यांत मीही आहे.
दरवर्षी मार्चअखेर हा तक्ता वर पाठवायचा.
शिष्य किती, असं कुणी विचारत नाही.
बरंच आहे.

खालच्या खणात एक जुनं रजिस्टर आहे,
कोपरे वाळवीनं खाल्लेलं.
सतराव्या पानावर माझे पणजोबा:
गोविंदा रामजी, वय बावीस, धंदा विणकाम,
नवं नाव गमलिएल.
आणि शेवटी शेरा:
विहीर बंद. भांडी बाहेर टाकली. बायको माहेरी नेली.
त्याखाली दोन वर्षांनी, वेगळ्या शाईत:
बायको परत आली.

माझ्या ओळीपुढे शेरा आहे:
पत्ता बदलला, गंगापूर रोड, तिसरा मजला.

यंदा पवित्र गुरुवारी, नेहमीप्रमाणे,
बारा खुर्च्या मांडल्या. पाळक पाय धुणार.
यादी मीच केली होती.
अकरा जण घरूनच पाय धुऊन आले,
एकानं तर नखंही कापली होती. (मी.)
बारावे पंच अलीशा साळवे, त्यांची साखर वाढली.
फाटकाशी नळावर एक जण बाटली भरत होता,
लहानू भोये, पेठकडचा,
मखमलाबादच्या बागांत खरड छाटणीला आलेला.
कधीमधी मागच्या बाकावर बसायचा,
टोळीच्या टेम्पोसाठी आशीर्वादाआधीच उठायचा.
त्याचं नाव रजिस्टरात नव्हतं.
त्याच्या पाड्यावरच्या मंडळीकडे शिक्काच नाही,
आणि दाखल्याशिवाय मी लिहीत नाही.
म्हटलं, बस रे जरा, पाच मिनिटांचं काम आहे.

अकरा जोड्या पाय धुऊन झाले
तरी घंगाळातलं पाणी नितळ.
बाराव्याला गढूळ झालं.
बागेची काळी माती, टाचेच्या भेगांत निळा मोरचूद.
पाळक थोडे थांबले. मग नीट धुतले,
टाच दोनदा.
टॉवेल पुन्हा कुणी वापरेल असा राहिला नाही.

इथं गीत म्हणायचं असतं.
सत्वशीलाबाईंनी पेटीवर सूर धरलासुद्धा.
तेवढ्यात लहानू उठला,
पाळकांच्या खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं,
म्हणाला, "आता तुमचे द्या."

हे नुसतं दाखवायचं असतं
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
त्याला वाटलं, पाळी असते.

पाळकांनी मोजे काढले. उजव्याला भोक होतं.
पेटी मध्येच थांबली.
लहानूनं त्याच गढूळ पाण्यात
बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला,
वेलीची सुटी साल काढतात तसा,
ओली साल सोलवटणार नाही इतक्या बेतानं.

मग तो माझ्याकडे वळला.
म्हटलं, "माझे झालेत, भाऊ."
खोटं नव्हतं. स्वच्छच होते.
"बरं," म्हणाला.
बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि तो गेला,
बाटली नळाशीच राहिली.

रात्री जाऊन कपाट उघडलं.
गालीलच्या काठावर जाळी टाकून निघालेल्यांकडे
कुणी दाखला मागितला नव्हता,
हे मला माहीत आहे,
रविवारी मुलांना मीच शिकवतो.
लहानूचं नाव लिहिलं. गाव लिहिलं.
दाखल्याच्या रकान्यात बराच वेळ पेन अडलं,
मग लिहिलं: पाहिला.

आणि माझ्या ओळीपुढे, शेऱ्यात,
तिसऱ्या मजल्याच्या खाली बोटभर जागा होती तिथं:
पाय पुढे केले नाहीत.

त्याखाली आणखी एक ओळ मावेल.
ती कोरी ठेवली आहे.
गोडी छाटणीला, ऑक्टोबरात,
टोळ्या परत येतात.